अंतराळांतील अपोलो आणि चौकांतील पालघाट

पूजा थांबली म्हणजे देवाचें काय होतें? हा प्रश्न अमेरिकेंतील ‘स्टार ट्रेक’ नामक विज्ञानकथामालेनें २२ सप्टेंबर १९६७ रोजीं दूरचित्रवाणीवर मांडला. त्या कथेंत एक अंतराळयान दूरच्या ग्रहापाशीं पोहोंचतें, आणि एक प्रचंड हात त्यास अवकाशांतच धरून ठेवितो. तो हात ग्रीकांच्या अपोलोचा! पांच हजार वर्षांपूर्वीं आपण सोबत्यांसह पृथ्वीवर आलों होतों, असें तो सांगतो. पुढें पूजा संपली आणि ते देव एकेक करून वाऱ्यांत विरले. हा एकटाच वाट पाहत राहिला. यानांतील माणसांनीं येथेंच राहून आपली भक्ति करावी, असा त्याचा हट्ट. ते नकार देतात. यानांतील शस्त्रांनीं त्याचें मंदिर नष्ट होतें आणि अपोलोही विरून जातो. पुढें २०१३ सालीं मालेच्या चाहत्यांनीं रचिलेल्या एका भागांत मायकेल फॉरेस्ट ह्या त्याच नटानें तो पुन्हां उभा केला.

इतिहासांतील अपोलो मात्र असा विरला नाहीं. डेल्फीस त्याचा कौल घेण्यास राजेरजवाडे माणसें पाठवीत. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन सम्राट थिओडोसियस ह्यानें जुन्या देवांची पूजा बंद केली. मूर्ति उरल्या, परंतु त्या पाहावयाच्या वस्तु झाल्या. असा एक ग्रीक देव महाराष्ट्रांतही आहे. कोल्हापुरास पंचगंगेकांठच्या ब्रह्मपुरी टेकडींत १९४४-४५ च्या सुमारास समुद्रदेव पोसायडन ह्याची लहानशी कांस्यमूर्ति सांपडली. सातवाहनकाळच्या रोमन व्यापाराची ती खूण होय. आज ती तेथील वस्तुसंग्रहालयांत आहे.

पूजेवांचून उरलेल्या मूर्तीची ही गति. उलट, पूजा उरली आणि कायमची मूर्ति नसली तर काय होतें, तें पाहावयास जामसरच्या मुलखांत, जव्हार-मोखाड्याच्या वारली पाड्यांवर गेलें पाहिजे. लग्नघरीं सवासिनी तांदळाच्या पिठानें भिंतीवर चौक लिहितात, आणि त्यांत पालघाट देवी येते. धवलेरी गाणीं गाते. देवीवांचून लग्न पुरें होत नाहीं. पुढें भिंतीचा रंग उडतो, परंतु पुढच्या लग्नीं देवी पुन्हां येते.

१९७० नंतर ही चित्रें कागदावर आलीं. डहाणूकडील जिव्या सोमा म्हशे ह्यांनीं तीं जगभर नेलीं. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. आतां जेथें लग्न नाहीं, अशा दिवाणखान्यांतही पालघाट टांगलेली दिसते. त्यामुळें वारल्यांच्या घरीं चार पैसे आले, हें चांगलेंच झालें. परंतु चौकटींतील देवीपुढें अपोलोचाच प्रश्न उभा राहतो.

त्याचें उत्तर दिवाणखान्यांत मिळावयाचें नाहीं. अपोलोनें भक्ति मागितली ती, ज्यांचें त्याच्यावांचून कांहींच अडत नव्हतें, अशांकडे. पालघाट ज्यांचें अडतें, त्यांच्याच घरीं येते. तयार छापील चौक भिंतीस चिकटवून लग्न उरकूं लागलें, कीं मग देवी विरूं लागली असें समजावें. तोंवर पाड्यावरील ओल्या पिठाचीं बोटें तिला राखतील.