लवकर बसणारं सस्पेन्शन चांगलं कसं?

डोळ्यात घालायच्या काही थेंबांच्या बाटलीवर ‘वापरण्यापूर्वी चांगले हलवा’ असं छापलेलं असतं. या सूचनेमागे शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. संशोधनाच्या तयारीत असाल तर तो जरूर समजून घ्या, कारण यात उत्तराआधी प्रश्न बदलावा लागला.

आधी अडचण बघू. प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेटसारखं स्टिरॉइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून त्याची बारीक पूड पाण्यात पसरवून ठेवतात. हेच सस्पेन्शन. बाटली ठेवून दिली की पूड खाली बसणारच. पण ती तळाशी घट्ट वडीसारखी बसली, म्हणजे केकिंग झालं, तर नुसतं हलवून सुटत नाही. मग सुरुवातीच्या थेंबांत औषध कमी जातं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सूज कमी करायला दिलेल्या थेंबांचं असं झालं, तर डोळ्याला अपुरा डोस मिळतो.

1851 मध्ये जॉर्ज स्टोक्सने कण खाली बसण्याच्या वेगाचं गणित मांडलं. कणाचा व्यास निम्मा केला तर वेग एक चतुर्थांशावर येतो. मग सरळ उपाय सुचतो : कण बारीक करा आणि एकमेकांपासून सुटे ठेवा. डोळ्यासाठी बारीक कण हवेतच, नाहीतर खुपतात. पण गंमत बघा. सुटे कण सावकाश खाली येतात, एकमेकांच्या फटींत जाऊन बसतात आणि पक्का थर तयार होतो. जे सस्पेन्शन जास्त दिवस छान दिसतं, तेच शेवटी दगा देतं!

कण सुटे राहतात ते त्यांच्यावरच्या सारख्या विद्युतभारामुळे. पावसाळ्यात गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो, तेव्हा अ‍ॅल्युमिनियमचा धनभार मातीच्या कणांचा ऋणभार मारतो आणि गुठळ्या होऊन गाळ बसतो. विरुद्ध भाराच्या आयनाची संयुजा जितकी जास्त, तितका क्षार कमी लागतो, हे 1882 मध्ये शुल्झेने आणि 1900 मध्ये हार्डीने दाखवलं. रत्नागिरीत भाट्याच्या खाडीत काजळी नदीचं गढूळ पाणी समुद्राला मिळतं, तिथेही खारं पाणी मातीच्या कणांना असंच एकत्र यायला मदत करतं.

हे का होतं, त्याचा सिद्धांत 1941 मध्ये डेर्यागिन-लँडाऊ आणि 1948 मध्ये फरवे-ओव्हरबीक यांनी मांडला. कण अगदी जवळ आले तर घट्ट चिकटतात. पण थोड्या अंतरावर हलक्या आकर्षणाची एक जागा असते. तिथे ते सैलसर धरले जातात आणि हलवलं की सुटतात. आपल्याला हवी आहे ती ही जागा.

दरम्यान 1949 मध्ये कॉर्टिसोनचा संधिवातावरचा परिणाम जगासमोर आला. लवकरच स्टिरॉइड डोळ्यांसाठीही वापरात आली आणि चांगल्या सस्पेन्शनची गरज वाढली.

1961 मध्ये हेन्स आणि मार्टिन यांनी बिस्मथ सबनायट्रेटवर काम केलं. (हे मार्टिन म्हणजे ‘फिजिकल फार्मसी’ पुस्तकवाले!) त्याच्या कणांवर धनभार असतो. पोटॅशियम फॉस्फेट थोडं थोडं घातल्यावर झीटा पोटेन्शियल उतरत गेलं, सैल गुठळ्या झाल्या आणि केकिंग थांबलं. आणखी घातल्यावर भार उलटून ऋण झाला आणि केकिंग परत सुरू! म्हणजे क्षार किती घालायचा याला खालची मर्यादा आहे तशी वरचीही आहे.

सैल गुठळ्या लवकर बसतात, पण जागा जास्त व्यापतात. 100 मिलीच्या जारमध्ये गाळ 60 मिलीपर्यंत राहिला तर अवसादन-आकारमान 0.6. हा आकडा 1 च्या जितका जवळ, तितकं चांगलं.

डोळ्याच्या थेंबांत मात्र हात बांधलेले असतात. खारटपणा अश्रूंइतका, म्हणजे साधारण 0.9 टक्के मिठाएवढा ठेवावा लागतो. पूड भिजवायला पॉलिसॉर्बेट 80 आणि घट्टपणासाठी हायप्रोमेलोज घालतात. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह स्वतःच धनभारित असल्यामुळे कणांचा भार बदलू शकतं. म्हणून एकेक घटक तपासून भागत नाही, पूर्ण फॉर्म्युला तपासावा लागतो.

तेव्हा तुमच्या प्रयोगाच्या वहीत ‘किती वेळात बसलं’ एवढाच रकाना ठेवू नका. बाटली काही आठवडे उभी ठेवा आणि किती वेळा उलटी केल्यावर तळ मोकळा झाला ते मोजा. रुग्ण बाटली दोन-चारदाच हलवणार आहे. तेवढ्यात औषध मिसळलं पाहिजे.