बंडीचा आख, जीपचा क्राऊन आणि वंगण

बैलगाडीने मराठी भाषेला शब्द भरभरून दिले. तुंबा, आरे, धाव, आख, जू, शिवळ. यांतला एकेक शब्द ग्रामीण कथेत, ओवीत, म्हणीत वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन अरण्यजिल्ह्यांत तर गाडीचे नावच वेगळे. तिथे ती ‘बंडी’ असते, आणि हा शब्द शेजारच्या तेलुगूशी असलेले नाते लपवीत नाही. मोटारीच्या वाट्याला मात्र मराठी साहित्यात आले ते चाक, ब्रेक, हॉर्न आणि फार तर पंक्चर. गाडीच्या पोटाखाली, दोन मागच्या चाकांच्या मध्ये, भोपळ्याएवढा जो लोखंडी गोळा असतो त्याचा उल्लेख मराठी गद्यात शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. मिस्त्री त्याला ‘क्राऊन’ म्हणतात, इंजिनिअर ‘डिफरन्शियल’ म्हणतात, आणि लेखक त्याला काहीच म्हणत नाहीत.

या गोळ्यातले आणि त्याच्या पुढच्या गिअरपेटीतले तेल घरच्या अंगणात बदलणे ही एका प्रदेशाच्या इतिहासातली नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे, असे आम्हांस वाटते. साहित्याच्या विद्यार्थ्याने या इतिहासाकडे का वळावे, हा प्रश्न रास्त आहे. पण ज्या शब्दापासून तो सुरू होतो तो शब्द आपल्याच घरातला आहे.

तो शब्द म्हणजे वंगण. मोल्सवर्थच्या कोशात तो आहे. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकांनीही घर्षण कमी करणाऱ्या पदार्थासाठी गाडीवानाचा हाच शब्द उचलला. परिभाषा घडवणाऱ्यांनी इथे संस्कृतचा आधार घेतला नाही, ही त्यांची कृपाच. एरवी संस्कृत-पालीत या कामासाठी शब्दांची वाण नव्हती. संयुत्तनिकायातल्या रथोपमसुत्तात भिक्खूच्या आहाराला आखाला तेल लावण्याची उपमा दिली आहे: ओझे पार पोचावे एवढ्यापुरतेच आखाला तेल, आणि शरीर चालावे एवढ्यापुरतेच अन्न. जैन परंपरेने मुनींच्या आहारवृत्तीला ‘अक्षम्रक्षण’ असे नावच दिले. भद्रावतीला एकीकडे विजासनची बौद्ध लेणी आणि दुसरीकडे पार्श्वनाथाचे जैन मंदिर आहे. त्या गावात उभे राहून पाहिले की या दोन्ही उपमा एकाच रस्त्यावरच्या गाड्या पाहून सुचल्या असाव्यात असे वाटू लागते. (हा आमचा कल्पनाविलास, इतिहास म्हणून घेऊ नये.)

बंडीला डिफरन्शियल लागत नाही, आणि ते का लागत नाही हे कळले की त्या लोखंडी गोळ्याचे रहस्य अर्धे उलगडते. बंडीचा आख स्थिर असतो. दोन्ही चाके त्याच्या टोकांवर आपापली मोकळी फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, ते त्याने खुशाल कापावे. ओढणारे बैल पुढे असतात, चाकाला कोणी फिरवत नाही. मोटारीत मात्र इंजिन मागच्या दोन्ही चाकांना फिरवते. ती एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर वळणावर एक चाक घसरते, फरफटते, टायर झिजतो. फिरवण्याचे बळ दोघांनाही मिळावे आणि तरी वेग ज्याचा त्याला निराळा घेता यावा, यासाठी दात्यांची जी युक्ती योजली जाते ती डिफरन्शियल. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेक्यूरने वाफेच्या गाडीसाठी तिचे पेटंट १८२८ मध्ये घेतले, म्हणजे पेशवाई बुडून दहा वर्षे झाली होती.

पुढे १९२०च्या दशकात अमेरिकेत या दात्यांचा नवा घाट आला. त्याला हायपॉइड म्हणतात. त्यात पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली असतो, त्यामुळे गाडीची पाठ खाली आणता येते. परंतु दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतात. साधे तेल तिथे टिकत नाही. म्हणून तेलात गंधकाची संयुगे मिसळावी लागली, आणि जुन्या गिअर ऑइलची ती नाकात बसणारी कुजकट दर्प त्यातूनच आली. काही काळ या मिश्रणांत स्पर्म देवमाशाचे तेलही असे. स्वयंचलित गिअरपेटीच्या तेलातही ते वापरत. अमेरिकेने १९७० मध्ये त्या देवमाशाला संकटग्रस्त ठरवल्यावर रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधणे भाग पडले. मेल्व्हिल वाचणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावे: देवमाशाची शिकार दिव्याच्या वातीपाशी संपली नव्हती, ती गिअरपेटीपर्यंत आली होती.

आता आपल्या जिल्ह्यांकडे वळू. महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलीस जीपची जोडणी सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि विकास गटाची जीप हे ग्रामीण भारताचे परिचित चित्र झाले. तेव्हाचा चांदा जिल्हा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पुढे त्याचे नाव चंद्रपूर झाले, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली वेगळा निघाला. महसूल, वन, आरोग्य अशा साऱ्या खात्यांना या भूभागात खरोखर चालेल असे एकच वाहन होते, आणि ते म्हणजे जीप. बाकीचे सारे बंडीने किंवा पायी.

कारण इथे नद्या आहेत. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. पूर्वेला इंद्रावती आहे. भामरागडला तिच्यात पर्लकोटा आणि पामुलगौतम येऊन मिळतात. या नद्यांचाच रस्ता करावा असे इंग्रजांच्या मनात होते. वरच्या गोदावरीत नौकानयनाची कामे त्यांनी काढली आणि १८७१ मध्ये ती सोडून दिली. रस्ता होऊ न शकलेल्या नद्या मग रस्त्यांच्या आड येत राहिल्या. हेमलकशाला १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा पावसाळ्यात तो भाग जगापासून तुटत असे; आणि पुढे पूल झाल्यावरही पर्लकोटेच्या बुटक्या पुलावरून पाणी गेले की भामरागड बेट होई. २०१९ च्या पावसाळ्यात हे पुन्हा पुन्हा घडले.

नदी आणि गिअर ऑइल यांचा संबंध इथे येतो. घाट चढून किंवा वाळूतून ओढ घेऊन क्राऊनचे घर चांगले तापलेले असते. तशीच जीप नाल्याच्या थंड पाण्यात उतरली की आतली हवा एकाएकी आकसते आणि घर श्वास घेते. त्या श्वासाबरोबर हवेच्या नळीतून, झिजलेल्या सीलमधून पाणी आत शिरते. बाहेरून काही दिसत नाही. गाडी चालते, दुसऱ्या दिवशीही चालते. तेलाचे मात्र दुधाळ चहासारखे मिश्रण झालेले असते. दात्यांवर जो पातळ पापुद्रा टिकायला हवा तो टिकत नाही, बेअरिंगांना गंज धरतो, आणि काही आठवड्यांनी एखाद्या चढावर आतून खडखडाट होतो. मग जीप तिथेच. गाडीत कोण आहे, बाळंतीण की साप चावलेला माणूस, हे क्राऊन विचारत नाही.

म्हणून शहाणे चालक कंपनीच्या पुस्तकातल्या किलोमीटरांची वाट पाहत नसत. पावसाळा संपला की तेल बदलायचे, आणि मध्येच खोल पाणी लागले तर निदान बोल्ट सैल करून रंग पाहायचा. चांगला कारखाना चंद्रपूर-बल्लारशाला. आलापल्लीच्या पलीकडून तिथे जायचे तर दिवस मोडणार. साहजिकच हे काम अंगणात आले. बंडीला वंगण घालण्याचे काम तरी कोणी कारखान्यात नेले होते? बांबूच्या नळकांड्यात तेल आणि काजळीचे काळे वंगण बंडीलाच लटकत असे. चाक कुरकुरू लागले की जिथे असेल तिथे काढून घालायचे. जीपवाल्याने नळकांड्याच्या जागी पत्र्याचा डबा आणला एवढेच.

हे काम होताना आमच्यापैकी काहींनी पाहिले आहे. त्याचा क्रम एखाद्या विधीसारखा ठरलेला असे, आणि त्यातल्या प्रत्येक पायरीला कारण होते. आधी गाडी दोन-चार किलोमीटर फिरवून आणायची, म्हणजे तेल पातळ होते आणि तळाचा गाळ त्याच्याबरोबर उठतो. मग ती सपाट जागी उभी करायची. एकच बाजू जॅकवर उचलली तर पातळी खोटी दिसते. त्यानंतरचा नियम सगळ्यांत महत्त्वाचा: भरण्याचा बोल्ट आधी सोडवायचा, काढण्याचा नंतर. वर्षानुवर्षे चिखलात बसलेला वरचा बोल्ट निघालाच नाही, आणि खालून तेल तर सांडून गेले, अशी वेळ आली तर ती जीप अंगणातून हलणार नाही. साध्या फावल्या वेळाचा उद्योग म्हणून हे काम करणाऱ्याला हा नियम सोयीचा वाटेल. अरण्यात त्याचा अर्थ निराळा होता.

तेल पाटीत उतरू लागले की खरे वाचन सुरू होई. ‘वाचन’ हा शब्द आम्ही जाणून वापरतो. काळे पण स्वच्छ तेल म्हणजे वय झाले. दुधाळ म्हणजे पाणी. बोटांच्या चिमटीत चोळल्यावर चकाकणारी बारीक पूड लागली तर ती नेहमीची झीज. नखाला लागेल असा कण म्हणजे दाता तुटतो आहे. पिवळी चमक असेल तर पितळ झिजते आहे, बहुधा गिअरपेटीत. कारण गंधकाचे जहाल तेल क्राऊनला मानवते, पण काही गिअरपेट्यांतल्या पितळी कड्यांना खाते. डब्यावरचे ‘जीएल-४’ आणि ‘जीएल-५’ हे भेद त्यासाठीच असतात. खेड्यात मात्र दोघांनाही ‘नव्वद नंबर’ या एकाच नावाने हाक मारली जाई, आणि त्या एका नावापायी किती गिअरपेट्या अकाली गेल्या याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. शब्द अपुरा पडला की यंत्रही बिघडते, याचे इतके रोकडे उदाहरण भाषाशास्त्राच्या वर्गात मिळायचे नाही.

जीपला अशा चार कोठड्या असतात: पुढचा क्राऊन, मागचा क्राऊन, गिअरपेटी, आणि पुढच्या चाकांना बळ वाटून देणारी ट्रान्सफर पेटी. प्रत्येकीत पिचकारीने तेल भरत जायचे, आणि भरण्याच्या भोकातून ते ओघळू लागले की थांबायचे. जास्त भरणे हे औदार्य नव्हे. जादा तेल आखातून बाहेर पडून ब्रेकच्या पट्ट्यांवर जाते. रथोपमसुत्ताची मात्रा इथेही लागू आहे.

हे ज्ञान कोणाजवळ होते? ज्याला चालक ‘किन्नर’ म्हणतात त्या क्लीनरच्या पोराजवळ. तो वर्षभर पाने पुशी, मग गाडीखाली शिरे, मग कधी तरी चालक होई. त्याच्यापाशी पुस्तक नव्हते. याच अरण्याने मराठीला विलास मनोहरांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी आणि डॉ. प्रकाश आमट्यांचे ‘प्रकाशवाटा’ दिले. मारुती चितमपल्लींनी विदर्भातल्या वनवासींच्या तोंडचे पाखरांचे, झाडांचे शब्द वेचून ग्रंथांत आणले. या लेखनाचे ऋण मोठे आहे आणि त्याच्याकडून क्राऊनची अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. तरीही एक गोष्ट खटकते. पाखराचे नाव सांगणारा माडिया आपल्याला जाणकार वाटतो, आणि तेलाच्या रंगावरून बेअरिंगचे आयुष्य सांगणारा किन्नर मात्र नुसता कळकट. अमेरिकेत रॉबर्ट पर्सिगने १९७४ मध्ये मोटारसायकलच्या देखभालीवर तत्त्वचिंतन करणारे पुस्तक लिहिले आणि ते जगभर वाचले गेले. पर्सिगला निवड होती. कारखान्याकडे न जाणे हा त्याचा विचार होता. आमच्या किन्नराला कारखाना साठ-सत्तर मैलांवर होता. कदाचित म्हणूनच त्याच्या कामाला कोणी विचार म्हटले नाही.

आता काळ पालटला आहे. अनेक नाल्यांवर पूल झाले. ताडोब्यात पर्यटकांना हिंडवणारी मारुती जिप्सी १९८५ मध्ये आली आणि तिचे उत्पादन २०१९ च्या सुमारास थांबले. दोन क्राऊन आणि दोन पेट्यांची ती बहुधा शेवटची साधी गाडी. नव्या मोटारींपैकी बहुतेकांची पुढची चाकेच ओढतात. त्यांत डिफरन्शियल गिअरपेटीतच सामावलेले असते. काहींच्या स्वयंचलित गिअरपेटीला तेल पाहण्याची पट्टीही नसते, आणि आतले तेल ‘आयुष्यभराचे’ आहे असे सांगतात. कोणाच्या आयुष्यभराचे, हे सांगत नाहीत.

राहता राहिले ते पाटीतले काळे तेल. आज ते घातक कचऱ्यात मोडते. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे गेले पाहिजे. अंगणात त्याची वाट निराळी होती. वाळवीचा प्रदेश हा. म्हणून ते कुडाच्या खांबांना, कुंपणाच्या खुंटांना फासत, आणि उरलेले नाल्याकडे ओतत. पहिल्या पावसात ते पाण्यावर सप्तरंगी तवंग होऊन पसरे. त्याच नाल्यातून मग पुन्हा जीप उतरे.