स्कूबा डायव्हिंग, प्रवाळभित्तींवरील
पाठीवरच्या टाकीतील दाबयुक्त हवेने श्वास घेत प्रवाळांमध्ये मारलेली बुडी. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कूस्तो व एमिल गान्यां यांनी श्वासागणिक हवा पुरवणारा नियामक विकसित केल्यावर ती सुलभ झाली. दर १० मी. खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. वर येताना तो घटून फुप्फुसांतील हवा फुगते, म्हणून श्वास कधीही रोखू नये व सावकाश वर यावे. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडतो, त्याचा करकर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. घशातील दातांनी दळलेला चुना पांढरी वाळू होऊन बाहेर पडतो. विदूषक मासा समुद्रपुष्पाच्या दंशक संस्पर्शकांत निर्धास्त राहतो. महाराष्ट्रात मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ प्रवाळ आढळतात. तेथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाले. प्रवाळ सजीव आहेत. पायातील वल्ह्याचा एक धक्का अनेक वर्षांची वाढ मोडतो.