न दिसणाऱ्या प्रवाहाचे गणित

भट्टीतून काढलेले पोलाद शुद्धीकरणासाठी ज्या पात्रात घेतात त्या लॅडलच्या तळाशी सच्छिद्र प्लग बसवून त्यातून आर्गॉन वायू सोडला की वर जाणारे बुडबुडे पोलादाला ढवळतात, हे कारखान्यांना ठाऊक होते. परंतु सुमारे 1600 अंश सेल्सिअस तापमानाच्या त्या अपारदर्शक द्रवाच्या आत काय घडते, हे पाहण्याचा मार्ग नव्हता. संशोधक पाण्याकडे वळले, आणि त्याला भक्कम आधार होता: श्यानतेला घनतेने भागून येणारी राशी खोलीच्या तापमानातील पाण्यासाठी व वितळलेल्या पोलादासाठी जवळजवळ सारखीच असते.

नाकानिशी, फुजी आणि झेकेली यांनी 1975 मध्ये मिश्रणकाळ, म्हणजे मिसळलेला पदार्थ पात्रभर सारखा पसरण्यास लागणारा वेळ, ढवळण्याच्या ऊर्जेशी जोडला. त्यांच्या सूत्रानुसार हा काळ सेकंदांत 800 गुणिले, प्रतिटन वॅटमधील ऊर्जेचा उणे 0.4 वा घात इतका असतो. म्हणजे ऊर्जा दुप्पट केली तरी वेळ जेमतेम चतुर्थांशाने घटतो, आणि नुसता वायू वाढवत नेणाऱ्यांना हा आकडा विचार करायला लावणारा होता. पुढच्याच वर्षी एमआयटीचे जूलियन झेकेली व सहकाऱ्यांनी पाण्याच्या प्रतिकृतीत मोजलेले वेग समीकरणांतून निघालेल्या वेगांशी ताडून पाहिले. या शास्त्राचा खरा पाया या ताडून पाहण्यातच घातला गेला, कारण तेव्हापासून गणिताला प्रयोगापुढे उत्तर देणे भाग पडले.

1980च्या दशकात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रॉड्रिक गथ्री यांच्यासह योगेश्वर सहाय आणि पुढे आयआयटी कानपूरमध्ये अध्यापन केलेले दीपक मजुमदार यांनी बुडबुड्यांच्या स्तंभाला कमी घनतेचे मिश्रण मानून त्याच्या उत्प्लावनातून प्रवाहाचे गणित मांडले, आणि मिश्रणकाळ ऊर्जेखेरीज पात्राच्या त्रिज्येवर व द्रवाच्या खोलीवरही अवलंबून असल्याचे दाखवले.

पाण्याची मर्यादा पृष्ठभागाशी उघड होते. पोलादाचा पृष्ठताण पाण्याच्या वीसपटींहून अधिक असल्याने बुडबुड्यांचे आकार जुळत नाहीत, आणि पोलादावर तरंगणाऱ्या मळीच्या जागी पाण्यावर तरंगवलेले तेल मळीसारखे पुरतेपणी वागत नाही. वायूचा जोर वाढला की मळीचा थर दुभंगतो, उघडे पडलेले पोलाद हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन शोषते आणि नुकतीच साधलेली शुद्धता पुन्हा बिघडते. म्हणून शेवटच्या टप्प्यात, अशुद्ध कण वर तरंगून मळीत मिसळावेत पण थर फुटू नये इतकाच मंद वायू सोडतात.