मोटर कुठं ठेवायची?

मंडळी, आमच्या घरातल्या भाच्या-पुतण्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, "काका, ऑटोफोकस कुणाचा चांगला? कॅनन की निकॉन?" याचं एका शब्दात उत्तर नाही. त्यामागे चाळीस वर्षांचा इतिहास आहे, आणि तो समजायला आमच्या कळसचा मुलूख फार सोयीचा.

भिगवणला उजनीच्या पाण्यात फ्लेमिंगो निवांत उभे असतात. ते कुठल्याही कॅमेऱ्यात येतात. खरी परीक्षा माळावर. कुसळी गवतातून चिंकारा उधळला, की कॅमेऱ्यानं क्षणात ठरवायचं असतं : पुढची काडी धरायची की मागचं हरीण?

१९८५ साली मिनोल्टा ७००० आला आणि ऑटोफोकसचं युग खऱ्या अर्थानं सुरू झालं. युक्ती सोपी. लेन्समधून आलेल्या प्रकाशाच्या दोन प्रतिमा करायच्या आणि त्या एकमेकींपासून किती सरकल्यात ते मोजायचं. लेन्स कुठल्या बाजूला आणि किती फिरवायची, ते लगेच कळतं. पण फिरवायला मोटर लागते. ती ठेवायची कुठं, यावरून दोन घराण्यांच्या वाटा फुटल्या.

निकॉननं १९८६च्या एफ-५०१मध्ये मोटर बॉडीत ठेवली. ती लेन्समधला स्क्रू फिरवायची. १९५९पासूनचा माउंट कायम राहिला. कॅननचं धोरण उलटं. १९८७मध्ये ईओएस ६५० आणताना त्यांनी जुना एफडी माउंट सोडूनच दिला आणि मोटर प्रत्येक लेन्समध्ये घातली. ज्यांनी एफडी लेन्सेसमध्ये पुंजी ओतली होती ते चिडले, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. पण त्याच वर्षी आलेल्या ३०० मिमी एफ/२.८ लेन्समधली अल्ट्रासोनिक मोटर झटपट आणि जवळजवळ बिनआवाजी होती. नव्वदच्या दशकात खेळाच्या मैदानांवर पांढऱ्या लेन्सेसच्या रांगा दिसू लागल्या त्या यामुळेच. निकॉनलाही शेवटी मोटर लेन्समध्ये न्यावी लागली : १९९२मध्ये एएफ-आय, १९९६मध्ये एएफ-एस.

गंमत पुढंच आहे. २०१८मध्ये दोघांनीही मिररलेससाठी नवे माउंट आणले. कॅननच्या अडॅप्टरवर १९८७पासूनच्या ईएफ लेन्सेसचा ऑटोफोकस चालतो. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नाही, म्हणून स्क्रूवाल्या लेन्सेस हातानं फिरवाव्या लागतात. ज्यानं जुनं तोडलं त्याचं पुढं टिकलं, आणि ज्यानं जपलं त्याचं अर्धंच जपलं गेलं!

आज दोघांचे चांगले कॅमेरे पक्ष्या-प्राण्यांचा डोळा ओळखून धरतात. वेगातला फरक आपल्यासारख्या हौशी माणसाला क्वचितच जाणवेल. म्हणून बाळांनो, आधी घरातलं कपाट उघडा. ईएफ लेन्सेस असतील तर कॅनन. निकॉनच्या स्क्रूवाल्या असतील तर डी७५०० किंवा डी८५०सारखी मोटरवाली सेकंडहँड बॉडी शोधा. काहीच नसेल, तर ज्याची लांब पल्ल्याची लेन्स खिशाला परवडेल तो घ्या. बॉडी पाच-सात वर्षांत जुनी होते. लेन्स मात्र पुढच्या पिढीच्या हातात जाते.