बैलाचे तेल आणि कुत्र्याची कोरडी भाकर : दर्यापूर परिसरातील जनावरांच्या अंगकांतीचा इतिहास

अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर तालुका पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे जेथील भूगर्भातले पाणी क्षारांमुळे पिण्यास आणि ओलितास बहुतांशी निरुपयोगी ठरते अशा भूभागात वसलेला आहे, आणि या पाण्याने तेथील शेतीबरोबर जनावरांच्या निगेलाही वळण लावले आहे. खारे पाणी केसांवर वाळले की क्षार मागे राहतात, केस राठ होतात आणि कातडी कोरडी पडते. त्यामुळे गाविलगडाच्या डोंगरातून उतरून दर्यापुराजवळून पूर्णेकडे जाणाऱ्या चंद्रभागेच्या काठी बैल नेऊन धुण्याला सोयीपलीकडचेही कारण होते. जनावराच्या अंगावरची तकाकी कशाने येते आणि कशाने जाते याचे बारीक ज्ञान या मुलखात होते, परंतु ते जवळजवळ सर्वस्वी बैलासाठी वापरले गेले, आणि त्याच अंगणात राहणाऱ्या कुत्र्याच्या वाट्याला त्यातले फारच थोडे आले.

बैलाला हे स्थान मिळाले ते कापसामुळे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेल्यानंतर येथील काळ्या जमिनीतला कापूस परदेशी गिरण्यांना हवासा झाला आणि १९१३ च्या सुमारास मूर्तिजापूर ते अचलपूर ही अरुंद रुळांची रेल्वे सुरू झाल्यावर दर्यापूरला लागून असलेले बनोसा हे तिचे एक स्थानक झाले. तरीही वावरातून बाजारापर्यंत कापूस ओढणारा, वखर आणि डवरा चालवणारा बैलच होता. त्याचा खांदा सोलला की हंगाम बुडत असे. पिठोरी अमावास्येच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी होणारा खांदशेकणीचा विधी, ज्यात तूप आणि हळद लावून पळसाच्या पानांनी बैलाचे खांदे शेकले जातात, हा मूळचा त्वचेचा उपचारच आहे. जुवाने घट्टे पडलेल्या कातडीला स्निग्धता देऊन ती मऊ करणे हा त्याचा हेतू उघड दिसतो. तूप महाग झाल्यावर पुष्कळ घरांत त्याची जागा तेलाने घेतली.

बाहेरून लावण्यापेक्षा पोटातून देण्यावर मात्र शेतकऱ्याचा भर अधिक होता. सरकी, सरकीची ढेप (तेल काढून उरलेला चोथा, ज्याला अन्यत्र पेंड म्हणतात), जवसाची ढेप आणि प्रसंगी पाजलेले तेल यांमुळे उन्हाळ्यात खंगलेला बैल पावसाळ्याच्या तोंडाशी अंग धरतो, जुने राठ केस झडून त्याजागी आखूड, तुकतुकीत केस येतात, हे निरीक्षण पिढ्यान्पिढ्यांचे होते. तेलघाणी गावातच असल्याने ढेप ताजी मिळे आणि घाणीच्या ढेपेत तेलाचा अंश बराच उरत असे. बाजारात बैल पारखणारा माणूस दातांनंतर कातडीकडे पाहत असे, आणि त्यात शोभेपेक्षा हिशेब मोठा होता, कारण निस्तेज कातडी म्हणजे उपासमार, जंत किंवा लपवलेला आजार.

कुत्र्याच्या बाबतीत परंपरेने भावना पुष्कळ दिली, आहार कमी दिला. पितृपक्षात गाय आणि कावळ्याबरोबर कुत्र्याचाही घास काढला जातो, दत्ताच्या पायाशी कुत्री असतात, खंडोबाच्या उपासनेतही कुत्र्याला मान आहे. परंतु राखणीच्या कुत्र्याचा रोजचा आहार म्हणजे ज्वारीची शिळी भाकर आणि उरले तर ताक. संत नामदेवांची एक कथा महाराष्ट्रभर सांगितली जाते: कुत्र्याने भाकर पळवली तेव्हा त्याने ती कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. भक्तिपरंपरेने या कथेतून सर्वांभूती ईश्वर पाहण्याची शिकवण घेतली आणि ती योग्यच आहे. मात्र कुत्र्याला कोरडी भाकर पुरत नाही, हा तिच्यातील व्यवहाराचा भागही तितकाच खरा आहे आणि त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

याच परिसरात शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या आणि मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी गुरे राखत वाढलेल्या गाडगेबाबांनी कीर्तनांतून पशुहत्येचा सतत निषेध केला, तसेच मूर्तिजापुरात गोरक्षणाचे कार्य उभारले. भाकड आणि टाकलेल्या जनावराचीही जबाबदारी समाजाने घ्यावी, हा विचार येथे रुजला तो मुख्यतः अशा कार्यातून. तो गोवंशापाशी थांबला, ही उणीव पुढच्या पिढ्यांची आहे.

दुर्लक्षित कुत्र्याचे केस झडून कातडी उघडी पडते, खपल्या धरतात आणि अखंड खाज सुटते, तेव्हा त्या रोगाला लूत म्हणतात. त्वचेत बिळे करून राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म किडीपासून तो होतो. करंजाचे किंवा कडुनिंबाचे तेल आणि तेलात खललेला गंधक हे त्यावरचे जुने उपाय होत. गंधकाला आधुनिक पशुवैद्यकानेही मान्यता दिलेली आहे. यंत्रे गावात आल्यावर मात्र या उपायांची जागा रॉकेलने आणि जळालेल्या इंजिन ऑइलने घेतली, आणि ही या इतिहासातली सर्वांत दुःखद गोष्ट होय, कारण ते तेल आधीच सोललेली कातडी भाजते आणि कुत्रे अंग चाटते तेव्हा विष पोटात जाते. किडे मरतात असे वाटल्याने हा प्रकार टिकला. मागाहून मरणाऱ्या कुत्र्याचा संबंध कोणी त्या तेलाशी जोडला नाही.

सरकारी पशुवैद्यकाकडूनही दीर्घकाळ वेगळी अपेक्षा करता येत नव्हती. मुंबईत परळ येथे १८८६ साली पशुवैद्यकाचे महाविद्यालय निघाले, परंतु ग्रामीण भागातील खात्याचे बळ बुळकांडी, घटसर्प, फाशी यांसारख्या गुरांच्या साथींशी झुंजण्यात खर्च होत असे. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ साली सुरू झाले, पुढे अकोल्यातही पशुवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाची सोय झाली, आणि तेव्हा कोठे वऱ्हाडातील कुत्र्याला शिकलेल्या वैद्याचा हात लागण्याची शक्यता निर्माण झाली.

या काळात प्रयोगशाळांनी जे सिद्ध केले, ते बैलवाल्या शेतकऱ्याच्या अनुभवाला दुजोरा देणारे होते. काही स्निग्धाम्ले शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती अन्नातूनच मिळावी लागतात, हे १९२९ साली अमेरिकेत बर दांपत्याने उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. पुढच्या दोन दशकांत कुत्र्याच्या पिलांवर झालेल्या प्रयोगांत स्निग्धांशाविना वाढवलेल्या पिलांची कातडी कोरडी, कोंडा सुटलेली आणि केस निस्तेज झाल्याचे दिसले. केस हा मुख्यतः प्रथिनांचा बनलेला असतो आणि कुत्र्याच्या प्रथिनांच्या गरजेचा मोठा वाटा कातडी आणि केस यांवरच खर्च होतो, म्हणून उपासमारीची पहिली खूण अंगावर उमटते. नुसत्या धान्यावर पोसलेल्या कुत्र्यात आणखी एक अडचण येते: धान्यातील फायटेट हे द्रव्य जस्ताला बांधून ठेवते, आणि जस्त कमी पडले की नाकाडाभोवती आणि डोळ्यांभोवती खपल्या धरतात.

या ज्ञानाच्या आधारे वऱ्हाडी घरातील वस्तूंनीच पुष्कळ काही साधते. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल हे आवश्यक स्निग्धाम्ल भरपूर असते, जवसात ओमेगा-३ वर्गातले. मध्यम आकाराच्या कुत्र्याच्या भाकरीत दिवसाला चमचाभर तेल आणि सोबत उकडलेले अंडे किंवा मांस घातले तर आहारातली मोठी उणीव भरून निघते. बैलाची सरकी मात्र कुत्र्याला कधीच देऊ नये, कारण तिच्यातील गॉसिपॉल हे विषारी द्रव्य रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराच्या पोटात बरेचसे निष्प्रभ होते, कुत्र्याच्या पोटात तसे होत नाही. गोचीड, जंत आणि लूत यांचा उपचार पशुवैद्याच्या सल्ल्याने आधी व्हावा; अंघोळ खाऱ्या पाण्याऐवजी नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या गोड पाण्याने, सौम्य साबणाने आणि क्वचितच घालावी, आणि गुंता झालेले केस ओढण्याऐवजी कापून काढावेत. मेलेला, तुटका केस पुन्हा जिवंत होत नाही. तो झडून नवा यावा लागतो, म्हणून दीड-दोन महिन्यांत मुळाशी मऊ लव दिसली तरी संपूर्ण अंग भरण्यास अनेक महिने लागतात, आणि या अवधीत पुष्कळ लोक धीर सोडतात.

पाळीव जनावराच्या हिताची काळजी घेणे हे मालकाचे कर्तव्य असल्याचे १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने स्पष्ट केले आहे, आणि त्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा त्या कायद्यान्वये अपराध आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तेल लावणाऱ्या घराने त्याच बाटलीतले चमचाभर तेल दारातल्या कुत्र्याच्या भाकरीवर रोज घालावे.