तिन्ही नळ्या एकदम गोठल्या

एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं उड्डाण. रिओ दि जानेरोहून पॅरिसकडे निघालेलं एअरबस ए-३३०, आत २२८ माणसं. वेळा जागतिक प्रमाणवेळेनुसार.

३१ मे २००९, रात्री १०.२९ : उड्डाण. नाकापाशी तीन पिटो नळ्या. समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून त्या वेग सांगतात. एक बिघडली तर उरलेल्या दोघींच्या साक्षीवर संगणक तिला बाद करतो. पण तिन्ही एकाच बनावटीच्या होत्या, आणि ही बनावट बर्फकणांनी तुंबते हे ठाऊक होतं. बदली नळ्यांची पहिली खेप त्याच आठवड्यात एअर फ्रान्सकडे आली होती. या विमानाची पाळी यायची होती! अजूनही जीव तळमळतो.

१ जून, १.३५ : ब्राझीलच्या नियंत्रण कक्षाशी शेवटचं बोलणं. उंची ३५,००० फूट.

२.०२ : कप्तान विश्रांतीला गेले.

२.०८ : ढग टाळायला विमान किंचित डावीकडे वळवलं.

२.१०.०५ : ऑटोपायलट सुटला. पडद्यावरचा वेग सुमारे २७५ नॉटवरून ६०वर कोसळला. टर्ब्युलन्समध्ये आकडा हेलकावतो, पण दोनशे टनांचं विमान क्षणात एवढं मंदावत नाही. खोट होती ती बर्फाने तुंबलेल्या नळ्यांत. संगणकानेही ते आकडे नाकारले, म्हणूनच ऑटोपायलट सुटला. पण ‘वेगावर विश्वास ठेवू नका’ असं वैमानिकांना स्पष्ट कुणी सांगितलं नाही. अशा वेळी नाक पाच अंश वर आणि इंजिनाची ठरलेली शक्ती, एवढंच धरून ठेवायचं असतं. इथे नाक कितीतरी जास्त उचललं गेलं.

२.११ : नळ्या मोकळ्या होऊन वेग पुन्हा खरा दिसू लागला होता. तोवर विमान ३८,००० फुटांजवळ चढून स्टॉल झालेलं, म्हणजे पंखांची उचल हरपलेली. स्टॉलचा इशारा सलग ५४ सेकंद वाजला आणि बंद पडला, कारण वेगाचं वाचन ६० नॉटखाली गेलं की संगणक पंख आणि हवेतला कोन मोजणाऱ्या मापकाचं वाचनही धरत नाही, आणि इशारा त्यावरच चालतो. नाक खाली केलं की इशारा पुन्हा सुरू! म्हणजे बरोबर उपाय केला की धोक्याची घंटा, चुकीचा केला की सामसूम. कप्तान धावत परतले ते या गोंधळात.

२.१४.२८ : विमान अटलांटिकवर आदळलं. कुणीही वाचलं नाही.

ऑगस्ट २००९ : युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेचा आदेश निघाला : या विमानांवरच्या तीनपैकी किमान दोन नळ्या दुसऱ्या उत्पादकाच्या हव्यात.